सोलापूर : मागाच्या स्पेअर पार्टचं दुकान बंद करावं का?

धोटेवाला

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसता वाचत आलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

पूर्व भागात आमचं यंत्रमागाच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. धोटे (म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेणारं लाकडी शटल), पिकर, पट्टे, फण्या, जेकार्डचे हूक, दोर, नट-बोल्ट. आजोबा जुन्या गिरणीत साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते. वडील गिरणीत बदलीवर लागले ते बदलीवरच राहिले, कायम काही झाले नाहीत. शेवटी वैतागून त्यांनी हे दुकान काढलं. त्या काळी आमच्या बोळात इतकी खडखड असायची की शेजाऱ्याशी बोलायचं तरी ओरडावं लागे. माझा आवाज अजून तसाच आहे. फोनवर बोलत असलो की बायको आतून विचारते, कुणाशी भांडताय?

परवा एक जुने गिऱ्हाईक आले. वीसेक वर्षांचा संबंध. स्टूल पुढं केलं, चहा सांगितला, म्हटलं काय देऊ मालक? म्हणाले, "काही नको. तुझा काटा दे तासभर. भंगारवाला वजनात मारतोय असं वाटतंय." नट-बोल्ट तोलायला आमच्याकडं काटा आहे, तो दिला. राहवेना म्हणून मागोमाग गेलो.

आठ माग होते. घणानं फोडत होते. बीड म्हणजे ओतीव लोखंड एकीकडं, साधं लोखंड एकीकडं, कारण दोन्हींचा भाव वेगळा. जेकार्डचे पत्ते, म्हणजे नक्षीची भोकं पाडलेले पुठ्ठे, दोरीत ओवलेले तसेच ढिगावर टाकलेले. मोराची चादर होती ती, मी ओळखली. पुठ्ठा भिजलाय म्हणून भंगारवाला तो घेईना. एका धोट्यात अर्धी कांडी सूत तसंच राहिलेलं. मालकांनी धोटा उचलला आणि माझ्या हातात दिला, "घे, तुझाच आहे."

आता अडचण अशी की माग मोडला की माझं एक गिऱ्हाईक तर जातंच, वर त्या मागाचे सुटे भाग बाजारात येतात. जे कोणी अजून माग चालवतात ते आधी तिकडं बघतात, मग माझ्याकडं. म्हणजे गिऱ्हाईकही गेलं आणि समोर एक दुकानही उघडलं.

धाकटा भाऊ म्हणतो गाळा भाड्यानं देऊ, एक मोबाईलवाला मागतोय. मला कळेनासं झालंय. शहरच आटत चाललंय की माझाच धंदा जुना झालाय? बाहेरून बघणाऱ्यांना जास्त दिसतं, म्हणून विचारतो.


आकडेमोड

दुकानाबद्दल वाईट वाटलं. पण शहर आटतंय हे वाक्य जपून वापरा. २००१ च्या जनगणनेत सोलापूर पावणेनऊ लाखांच्या आसपास होतं, २०११ ला साडेनऊ लाख. कमी झालेलं नाही. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळं पुढचं कुणीच ठामपणे बोलू नये. वाढीचा वेग पुण्याच्या मानानं मंद आहे, एवढंच म्हणता येईल.


सातरस्ता

मोजायला आले तेव्हा आमच्या घरात सहा माणसं लिहिली. आज दोन राहतात. घराला कुलूप नाही, म्हणून तुमच्या आकड्यात आम्ही आहोत.


हुतात्मा_सकाळची

त्या सहातल्या चारांपैकी एक मी धरा. इथल्या वालचंद कॉलेजात इंजिनीअरिंग केलं, वर्गातले बहुतेक पुण्यात, काही हैदराबाद-बंगळुरूला. सोलापुरात राहिले ते दोघं, आणि दोघांच्याही घरचा धंदा आहे.

एक गंमत सांगतो. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापुरातून निघते, पुण्याला जाते, रात्री परत येते. १० फेब्रुवारी २०२३ ला वंदे भारत सुरू झाली, तीही पहाटे इथून मुंबईला आणि रात्री उशिरा परत. आम्हाला सोयीचं आहे, तक्रार नाही. पण मुंबईचा एखादा खरेदीदार सकाळी बसून दुपारी सोलापुरात चादरी बघेल अशा वेळेला ही गाडी नाही. वेळापत्रक बघितलं की कळतं, इथून बाहेर पडायचंय असं सगळ्यांनी धरलेलंच आहे.

धोटेवाले दादा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गाळा भाड्यानं द्या. भाडं महिन्याला येतं, धोट्याचं गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही.


होटगीरोड

विमान पण आलं की आता. विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, १५ जून २०२३ ला, सगळ्या गावानं मोबाईलवर बघितली. आधी म्हणत होते विमान नाही म्हणून कंपन्या येत नाहीत. २०२५ च्या जूनमध्ये पहिलं विमान उडालं ते गोव्याला. कंपन्या यायच्या तेव्हा येतील, तोवर आपण बीचवर जाऊन येऊ.


तिसरीपाळी

वयानं मोठा आहे म्हणून थोडं मागचं सांगतो. मुलाकडं पुण्यात असतो, वेळ भरपूर.

सोलापूर गिरण्यांचं गाव. जुनी गिरणी १८७७ ची, म्हणजे सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम मिल. मी यातल्या एकीत होतो. कोणत्या ते लिहीत नाही, कारण आमच्या देण्याचं भांडण माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही आणि इथं ते उकरायचं नाही.

लोक भोंग्याची आठवण काढतात. भोंगा वाजला की आई भाकरी थापायला घ्यायची, वगैरे. खरं आहे ते. पण मला भोंग्यापेक्षा पगाराचा दिवस आठवतो. गेटबाहेर उधारीवाले उभे असायचे. वाणी, कापडवाला, भांडीवाला, सावकाराचा माणूस. आम्हाला त्यांची लाज वाटायची, कधी कधी मागच्या दारानं सटकायचो. आता वाटतं, ते आमच्या भरवशावर उभे होते. महिन्याच्या ठरलेल्या तारखेला हजारो माणसांच्या हातात एकदम पैसे येणार, हे सगळ्या पेठांना ठाऊक होतं. त्या तारखेवर दुकानं उधारी द्यायची, लग्नं ठरायची, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत पाळणेवाले दर लावायचे.

नव्वदच्या दशकात आमचं गेट लागलं तेव्हा लोक म्हणाले, काय बिघडलं, पूर्व भागात माग आहेत, विणकराला काम मिळेल. मिळालंही. मी स्वतः गेलो. गिरणीत आठ तासांची पाळी, मागावर बारा तासांची. गिरणीत फंड, रजा, कँटीन. मागावर जेवढं विणाल तेवढं. सूत आलं नाही, वीज गेली, की हात रिकामे. काम होतं, तारीख गेली. माझ्या मते गावाचं खरं नुकसान तिथं झालं, आणि गेटं बंद झाल्याचे फोटो काढणाऱ्यांना ते कधी दिसलं नाही.


तारीखपेतारीख

काकांच्या जुन्या गिरणीबद्दल थोडं अवांतर, वकिली पेशाची खोड म्हणून.

ही गिरणी १९४९ च्या ऑगस्टमध्ये एकदा बंद पडली होती. नुसती बंद पडली नाही, तिनं देशाची राज्यघटना हलवली. जानेवारी १९५० मध्ये सरकारनं वटहुकूम काढून तिचा कारभार ताब्यात घेतला, मग त्याचा कायदा केला. एका भागधारकानं त्याला आव्हान दिलं, तो चरणजितलाल चौधरी खटला. डिसेंबर १९५० मध्ये तो बहुमतानं फेटाळला गेला. पुढं द्वारकादास श्रीनिवास हा दुसरा भागधारक गेला, आणि डिसेंबर १९५३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोच कायदा रद्द ठरवला. मोबदला न देता कारभार काढून घेणं म्हणजे मालमत्ता घेण्यासारखंच, असा त्याचा मथितार्थ. यावर उपाय म्हणून १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती आली, तिच्या कारणांत आपली गिरणी आहे.

देशभरच्या लॉ कॉलेजात हे निकाल शिकवतात. मी पुण्यात शिकलो. सरांनी विचारलं, ही गिरणी कुठली कुणाला माहीत आहे का? मी हात वर केला, म्हटलं सर, आमच्या आजीचं माहेर तिच्या भिंतीला लागून. वर्ग हसला.

मुद्दा असा की गिरणी वाचवायला १९५० साली सरकार एवढं टोकाला जाऊ शकत होतं. नव्वदच्या दशकात गिरण्या गेल्या तेव्हा वटहुकूम सोडा, साधी घाईसुद्धा कुणी दाखवली नाही. मुंबईत १८ जानेवारी १९८२ चा संप झाला, तिथल्या जमिनींवर निदान वाद तरी गाजले. आमच्या गिरण्यांवर कोण लिहिणार?


टॉवेलमालक

सगळे एकाच सुरात रडताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. शिव्या खायची तयारी आहे.

माझा टॉवेलचा कारखाना आहे, एमआयडीसीत. माल परदेशात जातो. सोलापूर मेलेलं नाही. धोट्याचा माग मेलाय. तो मरायलाच हवा होता, खरं तर दहा वर्षं आधी. धोट्याच्या मागावर एक माणूस दोन माग बघतो, नव्या मागावर तोच माणूस त्याच्या कितीतरी पट कापड काढतो. ज्यांनी १९९९ नंतर तंत्रज्ञान सुधारणेच्या योजनेत कर्ज काढून माग बदलले ते टिकले. ज्यांनी 'चाललंय की' म्हणत वडिलांचे माग ओढले ते आता काटा मागायला येतात. कठोर वाटेल, पण आहे हे असं आहे.

चादरीचं सांगतो. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालं, २००५-०६ च्या सुमारास, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्यांत आपण. काय केलं आपण त्याचं? दुकानाच्या पाटीवर लिहिलं. तिकडं पानिपतवाल्यानं जुन्या कपड्यांपासून काढलेल्या सुताच्या चादरी आणि पॉलिस्टरची मिंक ब्लँकेटं काढली. त्यांवर सोलापुरी असं छापून विकणारेही निघाले. आपली चादर सुती, वजनाला जड, धुवायला दोन माणसं लागतात. पिळायला एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. आजच्या फ्लॅटमध्ये ती वाळत कुठं घालणार? मिंक ब्लँकेट मऊ, हलकं, रंगीत, लग्नात द्यायला झकास. गिऱ्हाईक मूर्ख नाही.

आणि मालक म्हणजे लुटारू हेही डोक्यातून काढा. २०२२ च्या उन्हाळ्यात कापसाची खंडी लाखाच्या वर गेली. सकाळी सुताचा एक भाव, संध्याकाळी दुसरा. ऑर्डर जुन्या भावात घेतलेली. ते वर्ष माझ्या केसांवर लिहिलेलं आहे. त्याआधी नोटाबंदी, जीएसटी, लॉकडाऊन, एकामागून एक. दरवेळी दहा जण बसले, नऊ उठले.

माझी खरी अडचण कामगार मिळत नाही ही आहे. पद्मशाली समाजातली आमची पोरं मागावर यायला तयार नाहीत. तेलंगणातून आजोबा विणकर म्हणून आले, नातू तेलंगणात हैदराबादला कॉम्प्युटरवर बसलाय.


सातरस्ता

बारा तासांच्या पाळीला पोरगा येईना यात पोराचा काय दोष, साहेब? तुमचा मुलगा येतो का मागावर?


टॉवेलमालक

नाही. पुण्याला आहे. मान्य.


धोटेवाला

टॉवेलमालक साहेब, राग नाही. तुम्ही बोललात ते भाऊ रोज बोलतो.

एक मात्र सांगतो. नवे माग आले त्यांचे पार्ट माझ्याकडं मिळत नाहीत. ते कंपनीकडून येतात, नाहीतर इचलकरंजी-सुरतेहून. मेकॅनिकही फोनवर बोलावतात. आधी माग बिघडला की जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, सायकलवर माझ्याकडं यायचा, पार्ट न्यायचा, समोर चहा प्यायचा, पान खायचा, शेजारच्या सुताराकडं दांडा करायला टाकायचा. एका बिघाडावर चार जणांचं चालायचं. तुमचा माग चांगला आहे, बिघडतच नाही, हीच आमची अडचण. हसू नका, खरं आहे.


इचलकरंजीकर

आमच्या नावाला हाक आली म्हणून आलो. इथंही धोट्याचे माग भंगारात जात्यात, फक्त आमच्यात बिनधोट्याचे लवकर आले. पण गल्लीतला छोटा माणूस इथंही बसलाय. मालेगाव, भिवंडीत वेगळं काही नाही. सोलापूरच्या लोकांना आपलंच दुःख स्पेशल वाटतं, तेवढं सोडा राव.


चाटीगल्ली

कापडाच्या दुकानाचं बोलू का? लग्नसराईत नवी पेठ-चाटी गल्लीत गाडी जायची नाही. अजूनही दिवाळीत गर्दी असते, नाही असं नाही. पण बस्ता बांधायला येणारं घर आधी चार दुकानं फिरायचं, आता मोबाईलवर फोटो दाखवतं, "हे एवढ्याला मिळतंय." एका पोरानं आमच्या ट्रायल रूममध्ये शर्ट घालून बघितला, माप कळलं, आणि आत बसूनच ऑनलाइन मागवला. बाहेर येऊन थँक्यू म्हणाला. सभ्य पोरगा.


विडीवालीची_लेक

सगळा धागा वाचला. गिरणी, माग, चादर, वकिली, विमान. एकाही प्रतिसादात विडी नाही. आश्चर्य नाही वाटलं.

तिसरीपाळी काका, तुमची गिरणी बंद झाली तेव्हा घर कोण चालवत होतं? रागानं विचारत नाही, खरंच विचारते. आमच्या घरी वडिलांचा माग बंद पडला की आई चालवायची. माग चालू असला तरी आईच चालवायची, कारण मागाचे पैसे घरी पोचेपर्यंत अर्धे व्हायचे. पूर्व भागात मुलगी बघायला आले की विचारायचे, विडी वळता येते का? येते म्हटलं की निम्मं लग्न ठरलं. विडीचं कार्ड म्हणजे हुंड्यासारखंच.

कसं असतं ते सांगते, कारण इथल्या पुरुषांनी विडी वळायचं सूप लांबूनच बघितलं असेल. कारखान्यातून पान आणि तंबाखू मोजून मिळते. पान रात्री भिजवायचं, फडक्यात गुंडाळायचं. सकाळी कात्रीनं कापायचं, शिरा काढायच्या, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्यानं बांधायचं. हजार विड्यांना आईचा अख्खा दिवस जायचा, तोही आम्ही बहिणी तोंडं दुमडून देत होतो म्हणून. मग कारखान्यात रांगेत बसायचं. तिथला माणूस मूठभर उचलून बघणार आणि छाट काढणार. छाटीतल्या विड्यांचे पैसे नाहीत, पण त्या परत पण देत नाहीत. पान खराब आलं तर कमी पडलेलं पान आपल्या पैशानं बाजारातून आणायचं. आईच्या अंगठ्याच्या नखाला मी कधी सरळ बघितलेलं नाही.

काकांनी 'तारीख गेली' लिहिलं ते वाचून मी थांबले. बायकांना ती तारीख कधीच नव्हती. जेवढं वळाल तेवढं. १९६६ ला विडी कामगारांचा कायदा आला, पुढं फंड आला, कार्ड आलं, युनियननं भांडून बरंच मिळवलं. पण आज गावाची जी तऱ्हा झालीय, की काम आहे पण भरवसा नाही, ती आमच्या घरात आधीपासून होती. पुरुषांना ती नव्वद साली कळली.

आता विडीही जाणार. जावीच, तंबाखूचं समर्थन मी करणार नाही, आईचा खोकला ऐकलाय. २०१७ मध्ये २८ टक्के जीएसटी लागला, पाकिटावर मोठी चित्रं आली, पिणारे कमी झाले. हप्त्यातले कामाचे दिवस कमी केले की बाई कुणाला दिसत नाही, गेट लागत नाही, फोटो येत नाही. ती घरातच असते आणि सूप भिंतीला टेकवून ठेवते.


तिसरीपाळी

ताई, तुम्ही विचारलंत, उत्तर देतो. आमची मंडळी, म्हणजे बायको, विड्या वळायची. मी लिहिलं नाही. सुचलंच नाही लिहायचं.


आकडेमोड

विडीवालीची_लेक यांचा प्रतिसाद या धाग्यात सगळ्यात कामाचा. एक भर घालतो. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत झाली, दहा हजार घरं, विडी कामगार बायकांसाठी. २००६ मध्ये त्यांचं हस्तांतर झालं. मग शेजारीच रे नगर, तीस हजार घरांची योजना, त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला दिली. माकपचे नेते नरसय्या आडम मास्तरांनी हे लावून धरलं, हे त्यांचे विरोधकही मानतात.

म्हणजे पूर्व भागातल्या खोल्यांमधून हजारो कुटुंबं शहराच्या बाहेर गेली. माझा मघाचा आकडा जपून वापरा असा आग्रह होता, तो आता मीच थोडा सैल करतो. माणसं कमी झाली नसतील, पण जिथं धोटेवाल्यांचं दुकान आहे तिथून ती हलली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.


विडीवालीची_लेक

बरोबर. आम्हीही गेलो कुंभारीला. स्वतःचं घर आहे, आई दारात खुर्ची टाकून बसते, तिच्या आयुष्यात पहिल्यांदा संडास घरात. त्याला नावं ठेवणार नाही. पण शाळा, दवाखाना, बाजार सगळं शहरात, आणि जायला रिक्षाचे पैसे. शहरात उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं म्हणून ओरड असते, आमच्याकडचं विचारूच नका.

आमच्या ओळीत आता बायका शिलाईकडं वळल्यात. गणवेश. सोलापुरात शाळेचे आणि कंपन्यांचे गणवेश शिवणारे बरेच कारखाने झालेत, ते कापून दिलेले गठ्ठे घरी देतात. कॉलर एकीकडं, खिसे एकीकडं. मशीनचा पट्टा तुटला, सुई मोडली, की शहरात यायचं. एका सुईसाठी अर्धा दिवस.


टॉवेलमालक

हे मला माहीत नव्हतं. म्हणजे गणवेशाचं माहीत होतं, प्रदर्शनही भरतं. सुईसाठी अर्धा दिवस हे माहीत नव्हतं.

मघाशी जरा जास्तच बोललो. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली, आठ माणसं गेली. मालक, त्यांच्या घरची माणसं आणि कामगार, सगळे एकत्र. त्यानंतर आठ दिवस मला झोप नव्हती. आम्हीही कारखान्यातच राहायचो, लहानपणी सुताच्या पोत्यांवर झोपायचो, त्याचं कौतुक वाटायचं. मालक वेगळा, कामगार वेगळा असं या गावात कधी फार नव्हतंच. कच्चं काम दोघांचंही.


हुतात्मा_सकाळची

धोटेवाले दादा, वर विडीवालीची_लेक यांनी काय लिहिलंय ते वाचलंत का? सुई, पट्टा. तुमच्याकडं पट्टे आहेतच ना?


धोटेवाला

वाचलं. दोन दिवस त्याच्यावरच चाललंय घरात.

मागाचा पट्टा वेगळा, शिलाई मशीनचा वेगळा, पण आणणं अवघड नाही. होलसेलवाला ओळखीचा आहे. काल भावाला घेऊन कुंभारीला जाऊन आलो. अक्कलकोट रोडनं गाडीवर गेलो, ऊन मी म्हणत होतं. वसाहतीत फिरलो. मशीनचा आवाज बऱ्याच घरांतून येतो, यंत्रमागापेक्षा बारीक, पण येतो. भाऊ म्हणाला, "काय करलालास बे, उन्हात आवाज ऐकत फिरलालास." एका बाईंना विचारलं, स्पेअरचं दुकान झालं तर येणार का? म्हणाल्या, "उधारी देणार का ते सांगा आधी." त्यावर भाऊ परत येईपर्यंत बोलला नाही.

त्याचं म्हणणं चूक नाही. हेही अंगावरचंच काम आहे, गठ्ठा आला तर आला. शाळा सुरू व्हायच्या आधी तीन महिने जोर, मग शांत. वडिलांच्या वेळी उधारी द्यायला निदान पगाराची तारीख होती. माझ्याकडं तीही नाही.

तरी ठरवलंय असं. पूर्व भागातला गाळा मोबाईलवाल्याला पुढून निम्मा द्यायचा. मागच्या अर्ध्यात मागाचा माल राहील, अजून जे चालवतात त्यांना लागतं, त्यांना एकदम तोडणं बरं दिसत नाही. आणि कुंभारीला एक छोटी टपरी, शिलाईच्या सामानाची, आठवड्यातून तीन दिवस. जून नंतर कळेल. एका सरकारी योजनेच्या कर्जासाठी बँकेत गेलो होतो, साहेब म्हणाले मागचे तीन वर्षांचे ताळेबंद आणा. ताळेबंद दाखवला तर कर्ज मिळणार नाही हे मलाही कळतं, म्हणून बायकोच्या बांगड्यांवर काढतोय. ती स्वतःच म्हणाली. तीही लहानपणी विड्या वळायची, मी हे वरचे प्रतिसाद तिला वाचून दाखवले.

ताई, एक विचारायचं राहिलं. सुया कुठल्या नंबरच्या जास्त लागतील? होलसेलवाला सगळ्याच देतो म्हणतोय, माझ्याकडं एवढे पैसे अडकवायला नाहीत.


विडीवालीची_लेक

१४ आणि १६ ठेवा. १६ जास्त, गणवेशाचं कापड जाड असतं, १४ ची लगेच मोडते. ११ चं एखादंच पाकीट, ब्लाऊजवाल्या मागतील. बॉबिन आणि बॉबिन केस ठेवाच, पोरं ती हरवतात.

आणि मंगळवारी येऊ नका, मंगळवारी गठ्ठे घेऊन टेम्पो येतो, कुणाला बोलायला वेळ नसतो.


तिसरीपाळी

मशीनचं तेलही ठेवा. छोट्या बाटलीतलं.